गंज आतून खातो, आवाज बाहेर येतो

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आप्पा राहतात. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एके सकाळी ते हातात छोटी हातोडी घेऊन जिन्यात उभे होते. स्लॅबला खालून टकटक करीत एकेक पाऊल पुढे सरकत होते. मी ऑफिसला निघालो होतो. मला पाहून म्हणाले, "भाऊसाहेब, इथं आवाज भद्द येतोय. आत सळईनं साल सोडलीय. कोणा जाणकाराला आणून तपासून घ्या."

मी सोसायटीचा खजिनदार. पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. हातात वही घेतली की आधी शिल्लक दिसते. मी म्हणालो, "आप्पा, यंदा पाण्याच्या टाकीचा खर्च झालाय. तपासणीचं पुढच्या वर्षी बघू." आप्पा काही बोलले नाहीत. हातोडी पिशवीत टाकून वर गेले.

पुढच्या जूनमध्ये, पावसाच्या तिसऱ्या दिवशी, त्याच जागी स्लॅबचा परातीएवढा तुकडा खाली आला. आमच्या शेजारची सातवीतली मुलगी रोज तेथे उजेडाला अभ्यास करीत बसे. आईने पाणी भरायला हाक मारली म्हणून ती उठली होती. तिचे दप्तर तुकड्याखाली सापडले. वर पाहिले तर सळई काळपट-तांबडी, बोटाने खरवडली की पापुद्रे निघत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही कॉमर्सवाले दरसाल घसारा मांडतो. इमारत इतक्या लाखांची, घसारा इतके टक्के, उरली इतकी. रकाना भरला की काम संपले. परंतु वहीतला घसारा दरवर्षी ठरल्या हिशेबाने उतरतो. लोखंडाचा घसारा तसा उतरत नाही. तो कित्येक वर्षे काहीच दाखवत नाही आणि मग एका पावसात सारा हिशेब मागतो. तेव्हापासून गंज या विषयावर मिळेल ते वाचण्याचा मला नाद लागला. त्यातून जे कळले ते आपल्या कुटुंबांपर्यंत पोहोचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लोखंड गंजते म्हणजे काय होते?

लोखंड खाणीत दगडाच्या रूपाने सापडते. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण त्यातला प्राणवायू काढून टाकतो, तेव्हा लोखंड मिळते. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड पुन्हा प्राणवायूशी जोडले जाऊ लागते. यालाच आपण गंज म्हणतो. ही क्रिया विजेची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गंजणाऱ्या लोखंडात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अतिशय सूक्ष्म वीजप्रवाह वाहत असतो. टॉर्चमधला सेल जसा आतून झिजतो, तसेच हे. मीठ असले की पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून समुद्रकाठी गंज लवकर लागतो.

मग सिमेंटमधली सळई इतकी वर्षे कशी टिकते? ताजे काँक्रीट चुन्यासारखे क्षारयुक्त असते. त्यामुळे सळईवर एक अत्यंत पातळ संरक्षक थर धरतो. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतो आणि त्याचा क्षारपणा घटवतो. खारी हवा असेल तर मीठही आत शिरते. हे दोघे सळईपर्यंत पोहोचले की संरक्षक थर मोडतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला रेटतो, भेग पडते, भेगेतून आणखी पाणी आत जाते आणि शेवटी तुकडा सुटतो. आपल्याला दिसतो तो शेवटचा अंक. आधीचे सारे अंक पडद्याआड झालेले असतात.

आजाराचे जसे निदान लवकर व्हावे लागते, तसेच गंजाचेही. प्रश्न एवढाच की जे डोळ्यांना दिसत नाही ते ओळखायचे कसे?

चोवीस हजार फुटांवर छप्पर उडाले

या प्रश्नाने जगाला खडबडून जागे केले ते २८ एप्रिल १९८८ रोजी. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्स नावाची कंपनी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर विमाने चालवीत असे. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला एस. टी. जाते तशा त्यांच्या फेऱ्या. हिलोहून होनोलुलूला निघालेले बोइंग ७३७ जातीचे विमान चोवीस हजार फुटांवर पोहोचले आणि अचानक पुढच्या भागाचे सुमारे अठरा फूट लांबीचे छप्पर फाटून उडून गेले. प्रवासी पट्टे बांधून बसलेले, डोक्यावर उघडे आकाश! मधल्या वाटेत उभी असलेली एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली. ती पुन्हा मिळाली नाही. विमानात ९५ माणसे होती. वैमानिकांनी तेरा मिनिटांत विमान माउई बेटावर उतरवले. ६५ जण जखमी झाले, पण बाकीच्यांचे प्राण वाचले.

चौकशीत काय आढळले? विमान १९६९ सालचे. फेऱ्या लहान, त्यामुळे १९ वर्षांत त्याने ८९,६८० उड्डाणे केली होती. प्रत्येक उड्डाणात विमानाच्या आत हवेचा दाब भरतो आणि उतरल्यावर कमी होतो. फुगा फुगवावा आणि सोडावा, तसे विमानाचे अंग तितक्या वेळा ताणले गेले होते. त्याचे ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांवर चढवून आधी चिकटवलेले आणि मग रिव्हेट मारून सांधलेले होते. सांध्यात समुद्राची दमट, खारी हवा शिरली. चिकटवण सुटली, आत पांढरी भुकटी धरली (ॲल्युमिनियमचा गंज पांढरा असतो). जो भार चिकटवणीने उचलायचा तो एकट्या रिव्हेटांवर आला. रिव्हेटांच्या भोकांपासून केसासारख्या बारीक भेगा निघाल्या, आणि एके दिवशी एका भोकाची भेग दुसऱ्या भोकाच्या भेगेला जाऊन मिळाली.

या अहवालातील दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली अशी की, विमानांची तपासणी करणारे कामगार रात्रपाळीत, विमानाच्या पाठीवर चढून, दोरीच्या आधाराने, एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो रिव्हेटांकडे पाहत भेगा शोधीत. झोपेच्या वेळी, कमी उजेडात, तेच ते काम. अशा वेळी डोळा चुकतो. त्यात त्या कामगाराचा एकट्याचा दोष धरता येत नाही. सारा भरवसा डोळ्यावर टाकणारी व्यवस्थाच कच्ची होती. चौकशी मंडळानेही देखभालीच्या पद्धतीवरच ठपका ठेवला.

दुसरी गोष्ट अशी. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दारापाशी पत्र्यावर भेग दिसली होती. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. आपल्यालाही असे होतेच ना? "एवढी मोठी कंपनी, त्यांना माहीत नसेल का? आपण काय सांगणार?" असे म्हणून आपण गप्प बसतो.

त्या अपघातानंतर अमेरिकेत जुन्या विमानांच्या तपासणीसाठी १९९१ साली वेगळा कायदा झाला. विमानाच्या देखभालीत गंज रोखण्याचा स्वतंत्र कार्यक्रम सक्तीचा झाला. आणि शास्त्रज्ञांनी विचार केला की माणसाचा डोळा जेथे पोहोचत नाही, तेथे कायमचा पहारेकरी बसवता येईल काय?

सेन्सर कसा पहारा करतो?

या पहारेकऱ्याचे नाव सेन्सर. आपल्या त्वचेला जसे ऊन कळते, नाकाला वास कळतो, तसे एखादी गोष्ट जाणून ती विजेच्या खुणेत सांगणारे ते लहानसे साधन. गंजासाठी त्याचे अनेक प्रकार आहेत. चार समजून घेऊ.

पहिला प्रकार सर्वांत सोपा. पुलाच्या किंवा विमानाच्या धातूचीच एक बारीक पट्टी करून तेथेच बसवतात आणि तिच्यातून थोडी वीज सोडतात. पट्टी गंजून पातळ झाली की विजेला वाट अरुंद होते. नळ बारीक झाला की पाणी कमी येते, तसेच. विजेला होणारा अडथळा किती वाढला यावरून धातू किती झिजला ते कळते. ही पट्टी घरातल्या थोरल्या भावासारखी असते. झळ आधी स्वतः सोसते आणि इतरांना सावध करते.

दुसऱ्या प्रकारात गंजाच्या मूळ वीजप्रवाहावरच बोट ठेवतात. धातूला मिलीव्होल्टमध्ये मोजावा इतका बारीकसा विजेचा धक्का देतात आणि उत्तरादाखल किती प्रवाह येतो ते मोजतात. प्रवाह जास्त, तर गंजण्याचा वेग जास्त. वैद्य नाडी पाहतो तसा हा प्रकार आहे.

तिसरा प्रकार काँक्रीटसाठी आहे. पूल बांधतानाच पृष्ठभागापासून वेगवेगळ्या खोलीवर, शिडीच्या पायऱ्यांसारखे, पोलादाचे छोटे तुकडे पुरून ठेवतात. मीठ आत शिरू लागले की सर्वांत बाहेरची पायरी आधी गंजते, मग दुसरी, मग तिसरी. मुख्य सळईपर्यंत धोका पोहोचायला किती वर्षे आहेत याचा अंदाज आधीच येतो. दुरुस्तीला सवड मिळते आणि पैशाची तरतूद करायलाही.

चौथा प्रकार विमानांत वापरला जातो. विमानाच्या स्वयंपाकघराखाली, शौचालयाखाली, जमिनीच्या खालच्या पोकळीत सांडलेले पाणी साचते. तेथे ओल किती आणि किती तास टिकली हे मोजणारे सेन्सर बसवता येतात. ऑस्ट्रेलियात तयार झालेली आणखी एक युक्ती आहे. धातूवर रबरासारखी पट्टी चिकटवतात. तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या असतात. एका नळीतली हवा काढून घेतलेली, शेजारच्या नळीत हवा. खालच्या धातूला भेग पडली की त्या भेगेतून हवा रिकाम्या नळीत शिरते आणि उपकरण इशारा देते. अमेरिकेत बोइंग ७३७ विमानांवर याच्या चाचण्या झाल्या आहेत. ज्या जागी पोहोचायला पूर्वी अर्धे विमान उघडावे लागे, तेथे आता वायर जोडून तपासणी करता येते.

तारा तुटल्याचा आवाज

आप्पांच्या हातोडीची आठवण करून देणारा प्रकार मात्र वेगळाच आहे. स्कॉटलंडमध्ये फोर्थ नदीच्या मुखावर १९६४ साली खुला झालेला झुलता पूल आहे. त्याचा सारा भार दोन अजस्र केबल्सवर आहे. प्रत्येक केबल म्हणजे पेन्सिलीहून बारीक अशा ११,६१८ तारांचा जुडगा. २००४ साली केबल उघडून आत पाहिले तेव्हा तारा गंजल्याचे आढळले. केबलची ताकद आठ ते दहा टक्क्यांनी घटली होती. बाहेरून रंग चकचकीत होता!

मग २००६ साली केबलवर जागोजागी अत्यंत तीक्ष्ण कानाचे सेन्सर बसवले गेले. आत एखादी तार तुटली की 'टण्' असा आवाज पोलादातून दोन्ही बाजूंना धावतो. गल्लीत फटाका वाजला तर जवळच्या घरात आधी आणि लांबच्या घरात नंतर ऐकू येतो, त्यावरून तो कोठे वाजला हे सांगता येते. तसेच दोन सेन्सरांना आवाज किती फरकाने पोहोचला यावरून तार नेमकी कोठे तुटली हे कळते. त्याबरोबर केबलच्या आत कोरडी हवा सोडण्याची यंत्रणा बसवली. ओल नाही तर गंज नाही, इतका साधा उपाय. आतली ओल किती हेही सेन्सर सांगत राहतात.

पूर्वी स्टेशनात गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक कामगार चाके ठोकीत जायचा. धड चाक घंटेसारखे वाजते, तडा गेलेले भद्द बोलते. आप्पा त्याच परंपरेतले. सेन्सर म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, त्या कामगाराचा कान विजेवर चालू केला आहे. फरक एवढाच की हा कान रात्री झोपत नाही.

दोन पूल, दोन कहाण्या

सेन्सर बसवले काय आणि न बसवले काय, याने किती फरक पडतो हे दोन पुलांच्या कहाणीतून स्पष्ट होते.

इटलीतील जिनोआ शहरात १९६७ साली एक मोठा पूल खुला झाला. त्याचे आधार देणारे पोलादी दोर काँक्रीटच्या आवरणात झाकलेले होते. कल्पना अशी की काँक्रीट त्यांना गंजापासून वाचवील. घडले उलटेच. आवरणामुळे आतला गंज दिसेना. पुलाचे शिल्पकार रिकार्दो मोरांदी यांनी स्वतःच १९७९ साली, समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांचा धूर पुलाला बाधत आहेत, असे लेखी बजावले होते. पुढे २०१७ साली मिलान येथील तंत्रविद्यापीठाने दोरांच्या वागणुकीत काही वेगळेपण टिपले आणि कायमचे सेन्सर बसवावेत अशी शिफारस केली. कागद पोहोचला, सेन्सर बसले नाहीत. १४ ऑगस्ट २०१८ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास, भर पावसात, पुलाचा मोठा भाग कोसळला. ४३ माणसे मेली. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी दोराच्या वरच्या टोकाकडील तारांचा गंज हेच कारण दाखवले. त्याच जागी २०२० साली खुल्या झालेल्या नव्या पुलावर मात्र सेन्सर आहेत, तपासणी करणारे यंत्रमानव आहेत आणि ओल काढणारी यंत्रणाही आहे. एवढे सारे सुचायला ४३ जीव जावे लागले.

दुसरी कहाणी आपल्या देशातील. रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा जुना रेल्वेपूल १९१४ सालचा. चहूकडे खारा समुद्र, खारा वारा. लोखंडाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. मधला भाग जहाजांसाठी उघडत असे. वय झालेल्या या पुलावर सेन्सर बसवण्यात आले होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्या उघडणाऱ्या भागातून धोक्याचा इशारा आला. रेल्वेने २३ डिसेंबरपासून त्यावरील गाड्या बंद केल्या. प्रवासी अलीकडे मंडपमला उतरून सडकेच्या पुलावरून बेटावर जाऊ लागले. लोकांची गैरसोय झाली खरी. पण कोणी मेले नाही! एप्रिल २०२५ मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला.

जिनोआची बातमी जगभर छापून आली. पांबनच्या बातमीला तेवढी जागा मिळाली नाही. अपघात टळला की बातमी होत नाही. म्हणून टळलेल्या अपघातांचे श्रेय आपण कोणाला देत नाही आणि ते टाळण्यासाठी लागणारा पैसा आपल्याला नेहमी फुकट गेल्यासारखा वाटतो. माझ्या वहीतही तसेच झाले होते.

आपल्या दारातले उदाहरण हवे असेल तर मुंबईहून वाशीला जाताना खाडीवरचा जुना पूल आठवा. १९७३ साली तो खुला झाला. काही वर्षांतच त्याच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारांना गंज लागल्याचे आढळले, बाहेरून नव्या तारा लावून त्याला बळकटी द्यावी लागली आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. एकाच कामाचा खर्च दोनदा! गंजाविषयी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभियंता-संस्थेने २०१६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे गंजामुळे जगाचे दरसाल सुमारे अडीच लाख कोटी डॉलरचे नुकसान होते. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या हे ३.४ टक्के. आज ठाऊक असलेले उपाय नीट योजले तर त्यातला १५ ते ३५ टक्के भाग वाचेल, असेही त्यात म्हटले आहे. माझ्यासारख्या कारकुनाला हा आकडा पुरेसा बोलका आहे.

यंत्राने सांगितले, ऐकले कोणी?

परंतु वाचकहो, सेन्सर बसवला की झाले, असे समजण्याचे कारण नाही. त्याच फोर्थ पुलाची पुढची गोष्ट ऐका. केबलवर कान लावून यंत्रे बसली होती. डिसेंबर २०१५ मध्ये पुलाच्या दुसऱ्याच भागात, खालच्या सांगाड्याच्या एका जोडाला, मोठी भेग आढळली. तेथली फिरती खीळ घट्ट बसून फिरेनाशी झाली होती. ती भेग सापडली तपासणीला गेलेल्या माणसांना. पूल तत्काळ बंद करावा लागला. सेन्सर जेथे बसवला तेथलेच ऐकतो. कोठे बसवायचा, हे माणसालाच ठरवावे लागते, आणि हातोडी घेऊन फिरणाऱ्या माणसाची गरज संपत नाही.

आणि माणसाने आपले काम मनापासून केले नाही तर काय होते? १४ मार्च २०१९ ची संध्याकाळ आपण विसरलेलो नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल घरी परतणाऱ्या गर्दीत कोसळला. मृतांमध्ये रात्रपाळीला निघालेल्या रुग्णालयातील परिचारिका होत्या. या पुलाचे ऑडिट झालेले होते! किरकोळ दुरुस्ती करावी, पूल वापरण्याजोगा आहे, असा शेरा त्यात होता. प्राथमिक चौकशीत हे ऑडिट काळजीपूर्वक झाले नसल्याचा ठपका आला. कागदावर शेरा चांगला होता. कागदाला गंज चढत नाही, हीच तर अडचण आहे.

पूल कोसळतो तेव्हा त्यावरून चालत जाणारा कोण असतो? लोकल पकडायला धावणारा कामगार, रात्रपाळीची परिचारिका, भाजीची टोपली घेतलेली बाई, कॉलेजातून येणारी मुलगी. तपासणीचा खर्च कोणी वाचवला आणि किंमत कोणी मोजली, याचा ताळेबंद एकदा मांडून पाहा.

आपल्या घरासाठी

आपल्या चाळीला किंवा सोसायटीला महागडे सेन्सर लागत नाहीत. पण सावधगिरीच्या काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला करता येतील.

१) छज्जा, गॅलरी, जिना, शौचालयाचा स्लॅब आणि पाण्याच्या टाकीखालची जागा वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी व नंतर, नीट पाहावी. सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग, तांबडे ओघळ, फुगलेला गिलावा ही गंजाची लक्षणे होत. हलक्या हाताने ठोकून पाहावे; भद्द, पोकळ आवाज आला तर त्याखाली मुलांना बसू देऊ नये.

२) पडलेल्या जागी नुसता गिलावा मारून वर रंग देऊ नये. आतला गंज साफ केल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी. गळती आधी थांबवावी. ओल राहिली तर सारे व्यर्थ.

३) महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावयाचे असते. आपल्या सभेत हा विषय मांडा.

४) ऑडिट करणारा आला की त्याच्याबरोबर फिरा आणि विचारा, की नुसते पाहून जाणार की चाचण्याही करणार? एका चाचणीत काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर रंगहीन द्रव फवारतात. काँक्रीट धड असेल तेथे ते गुलाबी होते. क्षारपणा गेला असेल तेथे रंग येत नाही. दुसऱ्या चाचणीत तांबे आणि मोरचूद असलेली नळी काँक्रीटला टेकवून मिलीव्होल्ट मोजतात. आकडा उणे ३५० च्याही खाली गेला तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात. अहवालात हे आकडे आहेत का ते पाहा.

५) रस्त्यावरचा पूल, स्टेशनचा जिना, शाळेचा किंवा समाजमंदिराचा स्लॅब धोक्याचा वाटला तर तोंडी सांगून थांबू नका. अर्ज लिहा, जागा आणि तारीख लिहा, फोटो जोडा, आवक विभागात देऊन शिक्क्यासह पोच घ्या. मी वीस वर्षे आवक-जावक पाहिली आहे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोच असलेल्या कागदाला कोणाला तरी उत्तर द्यावेच लागते.

मुलामुलींसाठी एक सूचना

या क्षेत्रात काम आहे आणि ते मानाचे आहे. वस्तू न तोडता तिच्या आतला दोष शोधण्याचे एक वेगळे शास्त्र आहे, त्याला एन. डी. टी. म्हणतात. ध्वनिलहरी, क्ष-किरण, चुंबक, रंगद्रव्य अशा निरनिराळ्या पद्धतींनी पूल, बॉयलर, पाइपलाइन, जहाजे आणि विमाने तपासली जातात. त्यात पहिली, दुसरी, तिसरी अशा पातळ्यांची प्रमाणपत्रे असतात. आय. टी. आय. किंवा डिप्लोमा झालेल्यांना हा मार्ग खुला आहे. विमानांच्या देखभालीचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. फी भरण्यापूर्वी संस्थेला मान्यता आहे की नाही हे मात्र कसून तपासावे. गल्लोगल्ली निघालेल्या वर्गांच्या जाहिरातींना भुलू नये. आपल्या वस्त्यांतून वर्कशॉपचे, गोदीचे, गिरणीचे कामगार निघाले. त्यांच्या हाताला आणि कानाला लोखंडाची भाषा कळत होती. नातवंडांनी तीच भाषा यंत्राच्या साहाय्याने शिकावी.

आमच्या सोसायटीचे ऑडिट अखेर झाले. चार खांब आणि दोन जिने दुरुस्तीला काढले. त्यासाठी वर्गणी वाढवावी लागली, काही घरांना हप्ते बांधून दिले. सभेत मी उभा राहून माझी चूक सांगितली. आप्पांची सूचना मी पुढच्या वर्षावर ढकलली होती, ती इतिवृत्तात लिहिलीही नव्हती. आता ती लिहिली. शेजारची मुलगी आता नववीत आहे. तिला आप्पांनी आपली हातोडी दिली. परवा जिन्यात टकटक ऐकू आली म्हणून बाहेर येऊन पाहिले, तर ती नव्या गिलाव्यावर ठोकीत होती आणि खाली उभे राहून आप्पा विचारीत होते, "कसा येतोय गं आवाज?"

ती म्हणाली, "खणखणीत आहे, आप्पा. पण पुढच्या वर्षी परत बघू."